"पणजोबा लढाईत गेले": घरातल्या शिपायाचा माग कसा काढायचा

आमच्या घरात एक वाक्य पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे: "पणजोबा जर्मनच्या लढाईत गेले." आधी आजी सांगायची, मग वडील सांगायचे, आता मी सांगतो. पण 'गेले' म्हणजे काय? लढाईला निघाले, की लढाईत वारले? मराठीत दोन्हीला एकच शब्द पुरतो, आणि तीन पिढ्यांत कुणाला तो फोडून विचारावासा वाटला नाही. मी विचारायला गेलो तेव्हा सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

उत्तर मिळायला अडीच वर्षं लागली. त्यातलं जवळपास दीड वर्ष मी भलत्याच माणसाच्या मागे होतो. नव्याने शोध सुरू करणाऱ्याचं निदान तेवढं दीड वर्ष वाचावं म्हणून हे लिहितो आहे. भर पहिल्या महायुद्धावर आहे, कारण सातारा, रत्नागिरी, कुलाबा, कोल्हापूर या पट्ट्यातल्या पुष्कळ घरांची लष्करातली गोष्ट तिथेच येऊन अडते. बाकीच्या काळाचं शेवटी थोडक्यात.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे नंतर हिरमोड नको. पंजाबातल्या भरतीची गाववार रजिस्टरं लाहोरच्या संग्रहालयात टिकली आणि त्यातली सुमारे ३ लाख २० हजार माणसं आता ऑनलाइन शोधता येतात. मुंबई इलाख्यासाठी अशी एका जागी शोधता येणारी यादी नाही. लंडनला इंडिया ऑफिसचे कागद आहेत, पण त्यात मुख्यतः गोरे अधिकारी आणि त्यांची कुटुंबं सापडतात, आपला साधा शिपाई नाही. त्यामुळे इंटरनेटवर नाव टाइप करून सुरुवात करू नका. मी तशीच केली होती. आधी घर, मग गाव, मग तालुका, मग बेळगाव, म्हणजे मराठा पलटणींचं रेकॉर्ड ऑफिस. दिल्ली आणि लंडन सगळ्यात शेवटी.

आधी देव्हारा, मग ट्रंक

घरात तुम्ही नाव शोधत नाही आहात, नाव तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्हाला हवा आहे नंबर आणि पलटण. एका तालुक्यात एकाच नावाचे पाच शिपाई असू शकतात, पण एका पलटणीत एका वेळी एका नंबरचा माणूस एकच.

तो नंबर बहुतेक वेळा पदकाच्या कडेवर असतो. आमच्याकडे पदक नव्हतंच, असा सगळ्यांचा ठाम समज. ते निघालं आत्याच्या सासरी, देव्हाऱ्यात, टाकांच्या रांगेत. चांदीचं गोल, एका बाजूला माणसाचा मुखवटा, म्हणून कधीतरी कुणीतरी ते पूर्वजाचा टाक समजून पूजेत ठेवलेलं. पाचव्या जॉर्ज बादशहाच्या कपाळी साठ-सत्तर वर्षं रोज हळदकुंकू लागत होतं. आत्या म्हणाली, "अरे, तो आपला मूळपुरुष आहे, नीट धर." मी नीटच धरलं आणि कड उजेडाकडे फिरवली. झिजलेल्या अक्षरांच्या खाचांत कुंकू बसलं होतं, त्यामुळे लाल रंगात चार आकडे आणि पुढे इंग्रजी मोठी अक्षरं अगदी स्पष्ट वाचता आली.

म्हणून पहिला नियम: पदक चिंचेने, राखेने, रांगोळीने घासू नका. चांदी चमकेल, पण कडेवरची अक्षरं आणखी झिजतील. खोलीत अंधार करा, मोबाइलची बॅटरी बाजूने तिरकी धरा, आणि दुसऱ्या मोबाइलने कडेचे जवळून एकेक इंचाचे फोटो काढा. अक्षरं फारच पुसट असतील तर बोटाने हलकी टाल्कम पावडर लावून कापडाने वरवर पुसा, म्हणजे पावडर फक्त खाचांत उरते.

कडेवर साधारण असा क्रम असतो: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. हुद्दा बहुधा तोडून लिहिलेला. 'एसईपी' म्हणजे सिपाही, 'एनके' म्हणजे नाईक, 'एचएव्हीआर' म्हणजे हवालदार. भिस्ती (पाणी पुरवणारा), लांगरी (स्वयंपाकी), खेचरवाला असंही असू शकतं. ती माणसंही पलटणीबरोबर रणांगणावर होती. हुद्दा पाहून कुणी नाक मुरडलं तर लक्ष देऊ नका.

आता पदक कोणतं आहे ते पाहा, कारण त्यातून तारीख कळते. पहिल्या महायुद्धाची साधारण तीन पदकं शिपायांच्या घरी सापडतात. एक, पितळी रंगाचा चांदणीसारखा स्टार, त्यावर '१९१४-१५' असं कोरलेलं. याची अक्षरं कडेला नसून मागच्या सपाट बाजूला असतात. दोन, चांदीचं युद्धपदक, मागे घोड्यावरचा माणूस. तीन, सोनेरी झाक असलेलं विजयपदक, त्यावर पंखवाली बाई. स्टार असेल तर माणूस १९१५ संपण्याच्या आत रणभूमीवर पोचला होता. स्टार नसेल आणि फक्त बाकीची दोन असतील तर तो १९१६ किंवा त्यानंतर पोचला, किंवा स्टार हरवला. युद्धपदक चांदीऐवजी ब्राँझचं असेल तर तो बहुधा मजूर तुकडीत किंवा तत्सम कामावर होता. फितीवर आडवी पट्टी असेल तर तीही वाचा: 'इराक', 'कुर्दिस्तान', 'वझिरीस्तान १९१९-२१', 'मलबार १९२१-२२'. महायुद्धानंतर माणूस कुठे गेला ते ती पट्टी सांगते.

पदकाऐवजी जड ब्राँझची थाळी निघाली, साधारण बशीएवढी, वर सिंह आणि हातात गोल हार धरलेली बाई, तर प्रश्नच मिटला. ती थाळी फक्त मृतांच्या वारसांना मिळत असे. तिच्यावर नाव असतं, पण हुद्दा, नंबर, पलटण काहीच नसतं. तशी थाळी घरात असेल तर तुमचे पणजोबा दुसऱ्या अर्थाने 'गेले'.

ट्रंकेत आणखी काय पाहायचं: डिस्चार्जचा कागद, पेन्शनचं पुस्तक, मनीऑर्डरच्या पावत्या, वर्दीतला फोटो. फोटोत चेहऱ्याआधी खांदे पाहा. खांद्यावरच्या धातूच्या पट्टीवर पलटणीचा आकडा असायचा आणि भिंगाखाली तो वाचता येतो. मोडीतले कागद 'वाचता येत नाहीत' म्हणून बाजूला ठेवू नका. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग चालतात, जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणारी माणसं आहेत. दोन ओळींसाठी कुणी नाही म्हणत नाही.

गावातला दगड

महायुद्धानंतर सरकारने पुष्कळ गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. मजकूर ठरलेला: या गावातून १९१४-१९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. पाहा, दगडाने 'गेले' आणि 'प्राण दिले' वेगळं लिहिलं आहे, जे आमच्या आजीने कधी केलं नाही. पाटीवर नावं नसतात, फक्त आकडे. पण आकडाही कामाचा. गावातून आठ गेले आणि शून्य मेले असं लिहिलं असेल तर तुमचा एक मोठा प्रश्न तिथेच सुटला.

साताऱ्याजवळचं अपशिंगे तर मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखलं जातं. त्या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. बाकीच्या गावांत पाटी शोधावी लागते. जुनी चावडी, मराठी शाळेची भिंत, देवळाचा सभामंडप इथे पाहा. चुन्याच्या पाच थरांखाली ती असू शकते. नवीन ग्रामपंचायतीच्या बांधकामात काढून ठेवलेली आणि आता कुणाच्या तरी न्हाणीघरात पाय घासायला लागलेली पाटीही मी पाहिली आहे.

गावात असतानाच दोन सरकारी कागद काढा. पहिला, गाव नमुना १४, म्हणजे जुनं जन्ममृत्यूचं रजिस्टर, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. कुणबी नोंदींसाठी अलीकडे सगळ्यांनी हेच रजिस्टर उलटंपालटं केलं, त्यामुळे तहसीलच्या अभिलेख कक्षात आता ते कुठल्या कपाटात आहे हे निदान माहीत असतं. दुसरा, जमिनीचा फेरफार, गाव नमुना ६. खातेदार वारला की वारसांची नावं लावताना तलाठी 'मयत' म्हणून नोंद घालतो आणि बऱ्याचदा कधी मयत तेही लिहितो. जुने फेरफार काही जिल्ह्यांत 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत.

फेरफाराची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे, एवढं लक्षात ठेवा. वारस लावायला लोक दहा-दहा वर्षं लावत. पण 'अमुक साली मयत' असं आत लिहिलेलं असेल तर ते धरून चालायला हरकत नाही.

नाव आणि पत्ता, साहेबाच्या कानाने

लष्करातली नोंद इंग्रजीत झाली, आणि लिहिणाऱ्याने जे ऐकलं ते लिहिलं. म्हणून कागदावर शोधण्याआधी आपलं नाव इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहिता येईल याची यादी करा. 'व'साठी व्ही आणि डब्ल्यू दोन्ही; 'शिंदे'च्या 'शि'मधला एच कधी आहे कधी नाही; 'पवार'चं 'पोवार'; 'चव्हाण'चं 'चवान' किंवा 'चौहान'; 'कदम'मध्ये ए ऐवजी यू; 'गणपत'मध्येही तेच; 'सखाराम'मध्ये के ऐवजी डबल सी. 'ळ' तर इंग्रजीत नाहीच. खुद्द 'मराठा' हा शब्द जुन्या कागदांत मधे एक जादा एच घेऊन येतो, 'महरट्टा'सारखा. पलटणीचं नाव शोधताना तो एच घातला नाही तर काहीच मिळत नाही.

पत्त्याचंही तसंच. आजचा जिल्हा डोक्यातून काढून टाका. सांगली जिल्हा १९४९ साली झाला, त्याआधी वाळवा, तासगाव, खानापूर साताऱ्यात. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत नव्हता, म्हणून मालवण, देवगड, वेंगुर्ला रत्नागिरीखाली पाहायचे. रायगडचं नाव कुलाबा. कोल्हापूर, सावंतवाडी, भोर ही संस्थानं, त्यामुळे तिथली माणसं कधी 'कोल्हापूर स्टेट' अशी सापडतात, कधी जवळच्या ब्रिटिश जिल्ह्यात ढकललेली. आणि शेवटी सगळीकडे 'बॉम्बे' लिहिलेलं असतं. ते मुंबई शहर नव्हे, मुंबई इलाखा. हे न कळल्याने माझ्या एका मित्राने पणजोबांना गिरणी कामगार ठरवलं होतं.

मृतांची यादी

आता इंटरनेट. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशन, म्हणजे सीडब्ल्यूजीसी, या संस्थेच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांतल्या मृत सैनिकांची नावं फुकट शोधता येतात. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात सेवेत असताना वारलेला माणूस त्यात येतो, मग तो गोळीने जावो, पटकीने जावो की रजेवर घरी आलेला असताना.

शोधताना हातखंडा एकच: नाव आणि आडनाव वेगळ्या चौकटींत टाकू नका. भारतीय शिपायाचं अख्खं नाव बऱ्याचदा आडनावाच्या चौकटीत एकत्र भरलेलं असतं. आडनावाच्या चौकटीत आधी फक्त पहिलं नाव टाका, मग फक्त आडनाव. सैन्य 'इंडियन आर्मी' निवडा. तरीही न सापडल्यास प्रगत शोधात 'जादा माहिती'ची चौकट असते, तिथे माणसाचं नाव न टाकता गावाचं किंवा तालुक्याचं नाव टाका. नोंदीत पुष्कळदा 'अमक्याचा मुलगा, अमुक गाव, पाटण, सातारा, बॉम्बे' असं असतं. गावाच्या नावाने शोधलं की कधी कधी गावातले सगळेच एकदम समोर येतात.

मराठा पलटणींतली बरीच नावं इराकमधल्या बसरा स्मारकाखाली नोंदलेली आहेत. या स्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे, ज्यांची कबर किंवा चिता कुठे हे ठाऊक नाही अशांची. आणि एक बोचणारी गोष्ट: दगडावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, भारतीय शिपायांचे मात्र पलटणीखाली फक्त आकडे. त्यांची नावं रजिस्टरात होती म्हणून आज संगणकावर तरी दिसतात. कुणी बसऱ्याच्या स्मारकाचा फोटो पाठवून 'नाव दिसत नाही' म्हणालं, तर नाव नाही असा त्याचा अर्थ नाही.

इथेच मी फसलो. पणजोबांचं नाव, आडनाव, तालुका, सगळं जुळणारी नोंद पहिल्याच आठवड्यात मिळाली. ११० व्या मराठा पलटणीतला सिपाही, मृत्यू १९१६. इराकमधल्या कूत-अल-अमाराची गोष्ट मी वाचलेली होती: सहाव्या पूना डिव्हिजनला ७ डिसेंबर १९१५ पासून वेढा पडला, उपासमार झाली, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करली. आत १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या, आणि कैदेत गेलेले हजारो परत आले नाहीत. सगळं चपखल बसलं. मी नोंद छापली, चौकटीत घातली, चुलत्यांनी त्या वर्षी पितृपक्षात त्या तिथीला पान वाढलं. वडिलांचं नाव जुळत नव्हतं. म्हटलं, साहेबाने चुकीचं ऐकलं असेल.

दीड वर्षाने देव्हाऱ्यातलं पदक हातात आलं. कडेवर पलटण होती ११४, आणि नंबरही वेगळा. महिनाभराने फेरफार मिळाला: पणजोबा १९२४ साली मयत, गावातच. म्हणजे आमचे 'गेले' हे नुसते निघाले होते आणि नीट परत आले होते.

तेव्हा नाव, बापाचं नाव, गाव, पलटण, नंबर या पाचांतल्या तीन गोष्टी जुळल्याशिवाय कुणालाही आपला म्हणू नका. आणि त्यातली एक जरी उघड उघड विरोधात जात असेल, तर साहेबाच्या कानाला दोष देण्याआधी थांबा.

जिवंत परतलेल्याचा माग

मेलेल्या शिपायाचा कागद राहतो, परतलेल्याचा राहत नाही. हा या शोधातला सगळ्यात अवघड भाग.

पणजोबा जमादार, सुभेदार किंवा सुभेदार मेजर झाले असतील तर नशीब थोर. त्या काळी छापल्या जाणाऱ्या 'इंडियन आर्मी लिस्ट'मध्ये पलटणवार देशी अधिकाऱ्यांची नावं आणि नेमणुकीच्या तारखा असतात. तिचे बरेच खंड स्कॅन होऊन इंटरनेट अर्काइव्हवर आणि स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आहेत. जमादार म्हणजे कोण, असा प्रश्न तरुण मंडळी विचारतात: आजचा नायब सुभेदार. हवालदारापर्यंतचे हुद्दे मात्र या यादीत नसतात. शौर्यपदक असेल, म्हणजे इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट किंवा १९०७ पासून सुरू झालेलं इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल, तर हुद्दा काहीही असो, राजपत्रात नाव आलेलं असतं. 'लंडन गॅझेट' ऑनलाइन फुकट चाळता येतं.

यातलं काहीच नसेल, आणि बहुतेकांचं नसतंच, तर माणसाऐवजी पलटणीच्या मागे जायचं. त्यासाठी पलटणीची वंशावळ हवी, कारण १९२२ साली सगळे जुने आकडे बदलले. मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. १०३ ची झाली पहिली बटालियन, म्हणजे १/५. १०५ ची २/५. ११० ची ३/५. ११६ ची ४/५. ११७ ची ५/५. आणि आमची ११४ झाली १०/५, बेळगावची प्रशिक्षण बटालियन. डिस्चार्जच्या कागदावर '२/५' दिसलं तर तो अपूर्णांक नव्हे: पाचव्या रेजिमेंटची दुसरी बटालियन. १९२२ च्या आधीपासून पुढे नोकरी केलेल्या माणसाच्या कागदांवर म्हणून दोन वेगळ्या पलटणी दिसतात, आणि घरचे समजतात की दोन माणसं होती.

मराठी माणूस म्हणजे मराठा पलटणच असंही नाही. बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर तुकड्यांत, आपली पुष्कळ माणसं होती. त्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलला लढल्या. 'पणजोबा फ्रान्सला होते' असं घरात सांगत असतील तर हसण्यावारी नेऊ नका, सॅपर्सकडे पाहा. पायोनियर पलटणींतही मराठे होते, पण त्या १९३२-३३ च्या सुमारास मोडीत निघाल्या, त्यामुळे त्यांचा आज थेट वारस नाही.

पलटणीची रोजनिशी

आणि इथे खरी मेजवानी आहे. युद्धात प्रत्येक पलटणीला रोजनिशी लिहावी लागे, 'वॉर डायरी'. लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात पहिल्या महायुद्धाच्या या रोजनिश्या 'डब्ल्यूओ ९५' या क्रमांकाखाली आहेत, आणि मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, बऱ्याचशा स्कॅन झालेल्या आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातही युद्धकाळातल्या रोजनिश्या आहेत. 'अभिलेख पटल' या त्यांच्या संकेतस्थळावर नावनोंदणी करून शोध घेता येतो.

तुमच्या पणजोबांचं नाव तिथे मिळणार नाही. अधिकाऱ्यांची नावं असतात, शिपाई आकड्यांत: इतके ठार, इतके जखमी, इतके तापाने इस्पितळात. पण पलटण कोणत्या दिवशी कुठे होती, किती चालली, पाणी कधी मिळालं नाही, डेपोतून नवी तुकडी कधी येऊन मिळाली, हे रोजच्या रोज असतं. ११४ व्या पलटणीचा ऑक्टोबर १९१८ काढून वाचा. महिनाअखेरीस तैग्रीसकाठी शरकातची लढाई झाली, त्या एका लढाईसाठी या पलटणीला २८ शौर्यपदकं मिळाली, आणि ३० तारखेला तुर्कस्तानशी युद्धबंदीच्या करारावर सही झाली. आमच्या पणजोबांचा स्टार सापडला नाही, म्हणजे ते बहुधा १९१६ किंवा त्यानंतर पोचलेले. ते त्या दिवशी तिथे होते असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण पलटण होती हे नक्की. वहीत मी दोन्ही वाक्यं वेगळ्या शाईत लिहिली आहेत: पुरावा निळ्या, अंदाज पेन्सिलीने.

बेळगावला पत्र

प्रत्येक रेजिमेंटचं स्वतःचं रेकॉर्ड ऑफिस असतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला. नौदलातल्या खलाशांचे कागद मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पला, हवाईदलाचे दिल्लीत सुब्रतो पार्कला.

शिपायाच्या सेवेच्या कागदाला लष्करात 'शीट रोल' म्हणतात. पत्रात हाच शब्द वापरा. पण नियमही माहीत असू द्या: पेन्शन न मिळालेल्या माणसाचे कागद साधारण २५ वर्षांनी नष्ट करतात. म्हणून शीट रोलबरोबरच 'लाँग रोल'ची नोंद मागा. ही भरती झालेल्यांची एकओळी नोंदवही असते आणि ती जपून ठेवतात. पहिल्या महायुद्धातल्या माणसासाठी अपेक्षा कमी ठेवा. दुसऱ्यासाठी बरी शक्यता आहे.

पत्र हिंदी किंवा इंग्रजीत, एका पानाचं. वर नंबर, हुद्दा, नाव, पलटण. मग बापाचं नाव, गाव, तालुका, जुना जिल्हा. भरती आणि डिस्चार्जचं साधारण साल. तुम्ही कोण, नातं काय, आणि नातं दाखवणारा फेरफार किंवा वारसदाखला जोडलेला. घराण्याची कीर्ती, आजोबांच्या आठवणी, देशप्रेम यातलं काही लिहू नका; वाचणारा हवालदार तुमच्या पत्रात फक्त नंबर शोधतो आहे. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये भरून अर्ज करा. त्यालाही 'अभिलेख उपलब्ध नाही' असं एका ओळीचं उत्तर येऊ शकतं. मला तसंच आलं. ते फाइलला लावून ठेवलं आहे, कारण पुढच्या पिढीतल्या कुणी पुन्हा तेच दार ठोठावायला नको.

दुसरं महायुद्ध, दर्यावरचे, आणि त्याआधीचे

दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांवर नाव असेलच असं नाही, पण कोणती पदकं आहेत त्यावरून आफ्रिका, इटली की ब्रह्मदेश ते कळतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नक्की जा. पेन्शन नसलेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार मानधन देतं, त्यासाठी केलेल्या अर्जांत नंबर-पलटण सगळं असतं. तुमच्या आजीने कधी काळी असा अर्ज केला असेल आणि घरात कुणाला पत्ता नसेल.

कोकणातल्या घरांनी 'लढाईत' हा शब्द बोटीवरही लावून पाहावा. मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात वारलेल्या २ हजारांहून अधिक दर्यावर्दींचं स्मारक आहे. ही नावंही सीडब्ल्यूजीसीच्या यादीत येतात.

महार घराण्यांचा शोध थोडा वेगळा चालतो. १८९० च्या दशकात त्यांची भरती बंद केली गेली. मग १९१७ साली महायुद्धाच्या गरजेपोटी १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची. म्हणजे मधल्या काळातला माणूस महार पलटणीत सापडत नाही म्हणून तो सैन्यात नव्हता असं होत नाही. १८९० च्या आधीच्या याद्यांत आडनाव शोधू नका, नावाच्या शेवटचा 'नाक' शोधा. कोरेगावच्या स्तंभावरची नावं तशीच आहेत. दापोलीच्या कॅम्प भागात पेन्शनर महार सैनिकांची मोठी वस्ती होती, डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ तिथेच राहिले. तुमच्या घरात 'कॅम्प दापोली' हा शब्द ऐकू येत असेल तर धागा तिथून पकडा.

चौकटीतली नोंद

राहता राहिला तो दुसरा माणूस. माझ्या भिंतीवर दीड वर्ष टांगलेला, आमच्या पितरांत जेवलेला, ११० व्या पलटणीचा सिपाही. त्याच्या नोंदीत गाव होतं, आमच्या गावापासून घाटाच्या पलीकडे. एका रविवारी चौकट पिशवीत घालून गेलो. आडनावाची चार घरं निघाली. तिसऱ्या घरी ओट्यावर बसलेल्या आजोबांना बापाचं नाव वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "हे तर आमच्या थोरल्या पणजोबांचं नाव. त्यांना दोन मुलगे. धाकट्याचे आम्ही."

"आणि थोरला?"

"तो कामाला म्हणून मुंबईला गेला, तो परत आलाच नाही, असं सांगतात."

मी चौकट त्यांच्या हातात दिली. इंग्रजी वाचायला त्यांनी नातीला हाक मारली.